कॉटखालचे सोळा इंच

विमलच्या दहाव्याला कावळा शिवेना. साडेअकरापासून आम्ही खाडीवरच्या घाटावर उभे होतो आणि साडेबारा वाजले. समोरच्या भिंतीवर अकरा कावळे होते. मी मोजले, कारण दुसरं काही काम नव्हतं. अकराही जण पिंडाकडे बघायचे आणि कुणीतरी टाकलेल्या वडापावच्या कागदाकडे जायचे.

नातेवाइकांनी आपापल्या परीने प्रयत्न केले. माझी बहीण कुंदा हात जोडून म्हणाली, "वहिनी, दादाची काळजी करू नकोस, मी आहे." त्यावर दोन कावळे उडून गेले. माझी मुलगी नीरजा म्हणाली, "आई, तुझ्या कुंड्या मी डोंबिवलीला नेते." काही नाही. गुरुजी घड्याळ बघत होते, त्यांना पुढे अजून एक दहावा होता. मी सकाळी साखरेची गोळी घेतलेली आणि पोटात काही नव्हतं. शेवटी मी ओरडलो, "विमल, गाडी मोडणार नाही! झालं समाधान?"

एक कावळा आला, त्याने भातात चोच मारली आणि घास घेऊन गेला.

सगळे एकदम बोलायला लागले. "बघा, जीव गाडीत अडकलेला!" कुंदाने तर डोळे पुसले. मी आधी जिलबी खाल्ली.

गाडी म्हणजे आमच्या वर्तकनगरच्या घरात, आतल्या खोलीत असलेली खेळण्यातली रेल्वे. खेळण्यातली म्हटलेलं मला आवडत नाही, पण तुम्हाला पटकन कळावं म्हणून म्हटलं. प्लायवूडची एक अख्खी शीट, आठ बाय चार फूट. त्यावर रूळ, दोन इंजिनं, अकरा डबे, तीन स्टेशनं, एक पूल आणि कोपऱ्यात बोगदा असलेला डोंगर. मी कोलशेतला एका कंपनीत बत्तीस वर्षं फिटर होतो. तिथले एक साहेब परदेशी गेले तेव्हा त्यांच्या मुलाचं इंजिन आणि चार फूट रूळ मला देऊन गेले. बाकीचं बावीस वर्षांत मी वाढवलं.

आता खरी गोष्ट सांगतो. विमलला ही गाडी नको होती. पहिल्या वर्षापासून ती म्हणायची, "हे मोडा, तिथे माझं वॉशिंग मशीन बसतं." मशीन शेवटी मोरीत बसवलं आणि त्यावरून मला बावीस वर्षं ऐकावं लागलं. नंतर तिने मोडा म्हणायचं सोडलं, पण सूड म्हणून स्टेशनांना नावं दिली. एक उकडगाव, कारण त्या खोलीत पंखा नीट फिरत नाही. एक निजगाव, कारण मी गाडी चालवता चालवता खुर्चीत झोपतो. तिसरं कुंदा रोड. कुंदा रोडला कुठलीही गाडी थांबवायची नाही, असा तिचा हुकूम होता. कुंदा घरी आली की विमल तिला मुद्दाम ते स्टेशन दाखवायची आणि म्हणायची, "वन्सं, तुमच्या नावाचं स्टेशन काढलंय." कुंदाला आनंद व्हायचा. मग गाडी समोरून धडधडत निघून जायची.

डोंगर मात्र विमल स्वतः सांभाळायची. तो मी लोखंडी जाळीवर ओले पेपर चिकटवून केलेला, पण त्यावरची झाडी तिची. चहाचा चोथा वाळवून, फेव्हिकॉल लावून ती झुडपं करायची. दर दोन-तीन महिन्यांनी त्यात भर पडायची. मला डोंगराला हात लावू द्यायची नाही. "तुमच्या हाताने रान झडतं," म्हणायची. मला वाटायचं, चला, निदान डोंगर तरी हिला आवडला.

एकच खोट होती. गाडी बोगद्यात शिरली की खडखड आवाज यायचा. बत्तीस वर्षं फिटर, मोठमोठे पंप मी आवाजावरून दुरुस्त केले, पण ती खडखड काही सापडली नाही. मी रूळ बदलले, चाकांना तेल घातलं, डबे उलटे करून बघितले. विमल म्हणायची, "म्हातारी झाली गाडी. सोडा."

तर कावळ्याला शब्द देऊन बसलो आणि त्याच दिवसापासून मला एक गोष्ट टोचायला लागली. गाडी मोडू नये ही इच्छा माझी होती. तिची नव्हती. मेलेल्या बाईच्या नावावर मी माझंच काम करून घेतलं. आणि कावळा तरी असा मूर्ख की त्याने ते मान्य केलं.

त्यात आमची इमारत पाडणार होते. नवीन टॉवर चार वर्षांनी मिळणार. एवढी वर्षं भाड्याच्या घरात राहण्यापेक्षा शहाडला नदीकडच्या बाजूला 'सांजवेल' नावाचं ज्येष्ठांचं निवासस्थान आहे, तिथे जायचं असं आम्ही दोघांनी जानेवारीत ठरवलेलं. अशा सगळ्या जागांची नावं संध्याकाळवरून का असतात कोण जाणे. लिहा की सरळ, शेवटचं स्टेशन. फॉर्मवर दोघांची नावं होती. दोन कॉटची खोली मिळाली. फेब्रुवारीत विमल हार्ट अटॅकने गेली. मार्चमध्ये तिथल्या मॅनेजर जागृती मॅडमचा फोन आला.

"काका, खोली तुमचीच राहील. फक्त दुसऱ्या कॉटवर आता काळुरामकाका येतील."

"दुसऱ्या कॉटवर मी माझी रेल्वे ठेवणार होतो."

"काका, कॉट माणसासाठी असते."

हे बाकी बरोबर होतं. विमल असती तर तिनेही मला कॉटवर रेल्वे ठेवू दिली नसती.

जून अखेर घर खाली करायचं होतं. मे महिन्यात नीरजा डोंबिवलीहून आली तेव्हा मी हॉलमधलं सामान एका बाजूला करून फरशीवर वर्तमानपत्रं चिकटवलेली. सांजवेलची खोली, खऱ्या मापाची, दहा बाय बारा. कॉट, कपाटं, दार, सगळं मार्करने काढलेलं.

"बाबा, हे काय?"

"माझी खोली. आणि तू काळुरामच्या कॉटवर उभी आहेस. उतर."

ती बाजूला झाली.

"आता भिंतीत उभी आहेस."

"बाबा!" ती सोफ्यावर जाऊन बसली. "बसतेय का गाडी?"

"नाही. गोल फिरवायची तर चाळीस इंच रुंदी लागते. वळण त्याहून लहान केलं की इंजिन रूळ सोडतं. टेबल आहे दोन फुटांचं. खोलीत मोकळी जागा आहे ती दोन कॉटच्या मधली, अडीच फूट. तिथे ठेवली तर आम्ही दोघं म्हातारे रात्री लघवीला जाताना रेल्वे अपघातात मरणार."

नीरजा बँकेत आहे. कागदावर जे लिहिलंय तेच धरते. ती म्हणाली, "तुम्ही घाटावर काय म्हणालात? गाडी मोडणार नाही. गाडी म्हणजे इंजिन आणि डबे. ते बुटाच्या खोक्यात मावतात. रूळ, प्लाय, डोंगर हे गाडीत येत नाही."

"कावळ्याला एवढं कळत असेल?"

"कावळ्याला काही कळत नाही. तो भात खायला आला."

"मग खोक्यात तरी कशाला नेऊ? भंगारवाल्याला देतो."

ती म्हणाली, "माझ्याकडे या ना, बाबा."

"तुझ्याकडे चाळीस इंच आहेत?"

नव्हते. तिच्याकडे सासू होती.

पुढच्या आठवड्यात मी वर्तमानपत्रांची गुंडाळी आणि मेजर टेप घेऊन शहाडला गेलो. खोलीत काळुराम होता. कॉटवर उकिडवा बसलेला, दोन्ही पाय वर, जसा बांधावर बसावा तसा. कोलशेतचा भूमिपुत्र. बापाचं मिठागर, त्याच्या बोलीत आगर; यानेही लहानपणापासून तिथे मीठ गोळा करायची फळी ओढलेली. आता त्या बाजूला टॉवर झालेत आणि त्यातल्या एकात बाविसाव्या मजल्यावर याची मुलं राहतात.

"ह्ये काय आनलंस र?" त्याने विचारलं. ओळख नाही पाळख नाही, सरळ अरे-तुरे.

"खोलीचा नकाशा."

"खोली हितंच हाय की. नकाशा कशाला?"

मी त्याला सगळं सांगितलं. गाडी, चाळीस इंच, कावळा. कावळ्याचं ऐकून तो हसला नाही. म्हणाला, "दिलास ना शब्द? मंग झालं. माझ्या बापाच्या दहाव्याला मीपन बोललेलो, आगर इकनार नाय."

"मग?"

"इकला." त्याने पाय पोटाशी घेतले. "बाविसाव्या माळ्यावर मना भूकच लागत नाय. म्हनून आलो हितं. खाटंखाली काय हाय तुज्या?"

"फरशी."

"मंग घाल की थितं."

"मला वाकता येत नाही. गुडघे गेलेत."

काळुराम चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. तो कॉटवरून उतरला, खाली बसला आणि सरळ माझ्या कॉटखाली शिरला. फक्त पाय बाहेर. आतून आवाज आला, "हितं तं अख्खा आगर मावल!"

मी टेपचं टोक त्याच्याकडे दिलं. फरशीपासून कॉटच्या पत्र्यापर्यंत सोळा इंच. रुंदी तीन फूट, म्हणजे छत्तीस इंच. चार इंच कमी पडत होते.

आणि मग मला सुचलं. एक बोर्ड नाही, दोन करायचे. सहा बाय दोनचा एक माझ्या कॉटखाली, तेवढाच दुसरा त्याच्या कॉटखाली. खाली चाकं. गाडी चालवायची तेव्हा दोन्ही मधे ओढायचे आणि कडीने जोडायचे. झाले चार फूट. दरवाजाला लावतो तीच पितळी कडी, खोबणीत घट्ट बसली की रूळ केसभर हलणार नाहीत. मी हे त्याच्या पायांना समजावून सांगत होतो, तेवढ्यात जागृती मॅडम दारात आल्या आणि किंचाळल्या, "काळुरामकाका पडले!"

दोन मदतनीस, एक व्हीलचेअर आणि शेजारच्या खोलीतले चार म्हातारे धावत आले. काळुराम बाहेर आला, अंगावरची धूळ झटकली आणि म्हणाला, "रेल्वेचं काम चालू हाय."

जागृती मॅडमचा श्वास जागेवर आल्यावर त्यांनी अटी घातल्या. रोज सकाळी मावशी फरशी पुसते, तेव्हा बोर्ड सरकले पाहिजेत. बारा व्होल्टच्या वर वीज नाही. आणि कॉटखाली ठोकळे ठेवून कॉट उचलायच्या नाहीत, म्हाताऱ्यांचे पाय फरशीला टेकले पाहिजेत, नाहीतर पडतात.

अट काळुरामचीही होती. "माझी खाट फुकट नाय. मना मिठागर पायजे. आनि आगराला गाडी थांबली पायजे."

"चालेल."

"मीठ खरं टाकू."

"मीठ नाही. रूळ गंजतील."

"गंजतील? साठ वर्सं मिठात काढली, मी गंजलो का?"

शेवटी पांढऱ्या रांगोळीवर तडजोड झाली.

जूनच्या दुसऱ्या रविवारी कापाकापी होती. नीरजा प्लाय धरायला आली. आठ फुटांतले दोन फूट कमी करायचे होते. मी पेन्सिलने रेघ मारली. रेघेच्या पलीकडे पडलं कुंदा रोड.

नीरजा म्हणाली, "आत्याला काय सांगायचं?"

"लाईन बंद केली म्हणून सांग. प्रवासी नव्हते."

मग बोर्ड उभा चिरायचा होता. मधून, म्हणजे दोन ठिकाणी रूळ कापले जाणार. करवत हातात घेतली आणि थांबलो. बावीस वर्षांत मी रूळ जोडले होते, कापला एकही नव्हता. नीरजा म्हणाली, "बाबा, कापणं म्हणजे मोडणं नव्हे."

"तुझ्या बँकेत चालत असेल."

पण कापला. काप थोडा वाकडा गेला, कानशीने घासून सरळ केला.

राहिला डोंगर. सोळा इंचांतून चाकं आणि प्लायचे तीन इंच गेले, उरले तेरा. डोंगर अठरा इंच उंच. पाच इंच छाटायला हवा होता. आणि तो विमलचा होता, तिच्या झाडीसकट. बाकी सगळं मी केलेलं, माझं मी कापलं. डोंगर कापताना मात्र नीरजाच्या कायद्यातली कुठलीही पळवाट चालत नव्हती. मी म्हटलं, "हा राहू दे. डोंगराशिवाय नेतो."

"बोगद्याशिवाय रेल्वे? तुम्हीच म्हणता ना, बोगदा नसेल तर ती रेल्वे नाही, नुसती गोल फिरणारी गिरणी."

मी डोंगराच्या शेंड्याला दोन्ही हातांनी धरलं, कुठून कापावा ते बघायला. शेंडा हातात आला.

तुटला नाही. झाकणासारखा अलगद निघाला. कडा सुरीने नीट कापलेली, आतून कापडी पट्टी चिकटवलेली, म्हणजे घट्ट बसावा. बाहेरून जोड दिसू नये म्हणून त्या जोडावर सगळीकडे चहाच्या चोथ्याची झुडपं. डोंगर आतून पोकळ. बोगद्याचं छप्पर मी कंपनीतून आणलेल्या पत्र्याचं केलेलं. त्या पत्र्यावर एक चपटी, पितळी डबी.

उघडायची गरज नव्हती, वास आला. मिश्री. भाजलेली तंबाखू, ती जेवण झालं की दातांना लावायची ती.

तुम्हाला हे समजायचं तर मला चौदा वर्षं मागे जायला हवं. डॉक्टरांनी तिला मिश्री सोडायला सांगितली. ती म्हणाली, "हे विडी सोडत असतील तर मी मिश्री सोडते." एकवीरेच्या फोटोपुढे दोघांनी शपथ घेतली. मी माझं विडीचं बंडल आणि तिने तिची डबी एकाच दिवशी कचऱ्यात टाकली. मी चौदा वर्षं विडी ओढली नाही. कंपनीत पोरं समोर धूर सोडायची, मी शेंगदाणे खायचो. आणि ही दुपारी मला दूध आणायला खाली पाठवून डोंगर उघडत होती.

"खोटारडी!" मी ओरडलो. "शपथ घेऊन? देवीसमोर? आणि मी शेंगदाणे खातोय?"

मी तिला बऱ्याच शिव्या दिल्या. घरातल्या, कंपनीतल्या, सगळ्या. डबी हातात धरून, नीरजासमोर, नावानिशी. घाटावर ओरडलो त्यानंतर चार महिन्यांत मी तिच्याशी एक शब्द बोललो नव्हतो. लोक फोटोशी बोलतात, मला ते जमलं नाही. आज बोललो. नंतर खुर्चीत बसलो आणि बराच वेळ काही दिसेना.

जरा वेळाने माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी नीरजाकडे बघितलं. ती पंख्याकडे बघत होती.

"डबी जुनी आहे," मी म्हटलं, "पण मिश्री तेवढी जुनी नाही. कोण आणून द्यायचं?"

"डोंबिवलीला स्टेशनजवळ मिळते," ती पंख्याला म्हणाली.

"चौदा वर्षं?"

"आई म्हणायची, बाबांना कळलं तर ते परत विडी ओढतील. पण डोंगरात ठेवते हे मला नव्हतं माहीत. देवीची शप्पथ."

"देवीचं नाव आता या घरात कुणी काढू नका."

ती आधी हसली, मग रडली, मग चहा टाकायला गेली.

मी डोंगराला टेप लावला. शेंड्याशिवाय बारा इंच. तेरात बसत होता. एक इंच शिल्लक. मला काहीच कापायचं नव्हतं, बाईने आधीच कापून ठेवलेलं. आणि तेव्हा मला कळलं की तिने 'मोडा' म्हणायचं कधी सोडलं. बरोबर चौदा वर्षांपूर्वी. गाडी मोडली असती तर डबी कुठे ठेवली असती? घाटावर मी तिच्या तोंडी माझं म्हणणं घातलं म्हणून चार महिने मनात कुढत होतो. कुढायचं कारणच नव्हतं. कावळा बरोबर आला होता.

तीस जूनला टेम्पोने सगळं शहाडला नेलं. चाकं लावली, बोर्ड ओढले, कड्या बसल्या. उकडगाव तेच राहिलं, कारण तिथलाही पंखा नीट फिरत नाही. काळुरामने पुलाच्या पलीकडे रांगोळीच्या छोट्या राशी घातल्या आणि स्टेशनला नाव दिलं, आगर. खाली बसून बोर्ड ओढायचं काम त्याचं, वर बसून बटण फिरवायचं माझं. शेंडा टेबलावर असतो. गाडी चालवायच्या आधी मी तो डोंगरावर बसवतो.

पहिल्या दिवशी शेंडा बसवताना काळुरामने हुंगलं.

"मिश्रीचा वास येतंय."

"गप्प. मॅडमला चालत नाही."

"कोनाची?"

"विमलची."

त्याने मान डोलावली. माझ्या कॉटवर हात टेकून म्हणाला, "सोड गाडी."

मी सोडली. आगरला थांबली, कारण तसं ठरलं होतं. मग निघाली, पूल ओलांडला, बोगद्यात शिरली आणि डबी पत्र्यावर खडखडायला लागली.

"काय तरी वाजतंय र," काळुराम म्हणाला. "तेल घाल."

"नको," मी म्हटलं. "वाजू दे."